चित्रातले गिधाड आणि माळ्यावरचे घुबड

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात बादशहा जहांगीरच्या काळातले एक चित्र आहे. त्यात दोन गिधाडे आहेत, एक लाल डोक्याचे आणि दुसरे लांब चोचीचे. गिधाड म्हटले की आपण नाक मुरडतो. उस्ताद मन्सूर यांनी मात्र त्यांचे पीस न् पीस मन लावून रंगवले. जहांगीरने त्यांना ‘नादिर-उल-अस्र’, म्हणजे युगातील अद्वितीय, असा किताब दिला होता.

असे चित्र काढायचे तर आधी पक्षी नीट पाहावा लागतो. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर डॉ. सलीम अली यांनी हेच केले. अलिबागजवळच्या किहीममध्ये १९३० साली त्यांनी सुगरणीची घरटी तासन्‌तास न्याहाळली. नीट पाहिले की पक्ष्याचे काम कळते आणि मनातली अढी जाते.

मेलेली गुरे साफ करणे हे गिधाडाचे काम. ती उघड्यावर कुजली तर रोगराई पसरते, मोकाट कुत्री वाढतात. पण गुरांच्या दुखण्यावर दिले जाणारे ‘डायक्लोफेनॅक’ मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात गेले, की त्याचे मूत्रपिंड निकामी होते. त्यामुळे देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली. म्हसळा-श्रीवर्धनच्या डोंगरात ही गिधाडे तग धरून आहेत. म्हणून गुरांच्या डॉक्टरांना ‘मेलोक्झिकॅम’बद्दल जरूर विचारावे, ते गिधाडांना घातक नाही.

खारेपाटातल्या भातशेतीचे राखणदार वेगळे. तिथे घुशी आणि उंदीर दाणे तर खातातच, शिवाय बांध पोखरतात. उधाणाला बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि जमीन नापीक होते. या उंदरांवर दिवसा कापशी घार नजर ठेवते आणि रात्री गव्हाणी घुबड. बदामाच्या आकाराचा त्याचा चेहरा बारीकशी खुसफुसही टिपून कानांपर्यंत पोहोचवतो, त्यामुळे अंधारातही उंदीर सुटत नाही. उंदीर मारायला ‘ब्रोमाडायोलोन’सारखे विष वापरले, तर तो उंदीर खाणाऱ्या घुबडालाही विषबाधा होऊ शकते. त्यापेक्षा शेतात काठीला आडवी पट्टी ठोकून पक्षीथांबे उभारावेत.

तरीही घुबड दिसले की घरात अपशकुनाची चर्चा सुरू होते. अज्ञानकाळातले अरबही घुबडाला मृताचा आत्मा मानत. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी ही समजूत निराधार ठरवली, सहीह बुखारीत तशी हदीस आहे. मग आपण ती का जपावी?

सुट्टीत मुलांच्या हाती रंग द्यावेत. कापशी काढताना अंग पांढरे-राखी, खांदे काळे, डोळे लाल. घुबडाच्या बसण्याच्या जागेखाली करड्या गोळ्या पडलेल्या असतात. काडीने उकलल्या तर आत उंदरांची हाडे आणि कवट्या सापडतात. त्यांचेही चित्र काढू द्यावे. कवट्या मोजणारे मूल घुबडाला दगड मारणार नाही. आणि माळ्यावर घुबडाने पिले घातली, तर ती उडून जाईपर्यंत आपणही त्यांना हुसकावू नये.