केस्टरसनची अंडी

रासायनिक प्रदूषण म्हटले की डोळ्यांपुढे कारखान्याचे सांडपाणी येते. कॅलिफोर्नियातील केस्टरसनच्या पाणथळीवर असा एकही कारखाना नव्हता. म्हणूनच हे प्रकरण मला मुळापासून समजून घ्यावेसे वाटले.

सॅन होआकिन खोऱ्याच्या पश्चिम भागातील माती प्राचीन सागरी खडकांपासून बनलेली आहे. त्या खडकांत सेलेनियम असते. कालव्याच्या पाण्याने शेते चिबडली, तेव्हा जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या घातल्या गेल्या. मातीतले क्षार आणि सेलेनियम घेऊन निघालेले पाणी सागरी खाडीपर्यंत न्यायचे ठरले होते. परंतु कालव्याचे काम १९७५ साली वाटेतच थांबले आणि ते पाणी केस्टरसनच्या १२ तळ्यांत साचू लागले. हीच तळी पक्ष्यांचे अभयारण्यही होती.

१९८३ साली हॅरी ओलेनडॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील घरटी तपासली. उबवणीच्या अखेरपर्यंत पाहिलेल्या ३४७ घरट्यांपैकी सुमारे ४० टक्के घरट्यांत निदान एक भ्रूण मृत होता. सुमारे २० टक्के घरट्यांत निदान एक विकृत होता. कुणाला डोळे नव्हते, कुणाची चोच वाकडी, कुणाला पायच नव्हते.

हे घडते कसे? सेलेनियम रसायनदृष्ट्या गंधकाचा जवळचा नातलग आहे. शेवाळ त्याला गंधकाच्या जागी प्रथिनांत बसवते. शेवाळातून ते कीटकांत आणि कीटकांतून पक्ष्यांत जाते. या वाटेवर त्याचे प्रमाण पाण्याच्या हजारपटींहून अधिक वाढते. अंडी घालण्याच्या दिवसांत मादी जे खाते, त्यातूनच अंड्याची प्रथिने घडतात. त्यामुळे मादीला सोसेल एवढी मात्राही भ्रूणाला पेलत नाही. पाण्याची नुसती चव घेऊन किंवा मोठे पक्षी मोजून हा धोका कळणार नाही. त्यासाठी अंडेच फोडून पाहावे लागते.

१९८६ साली निचऱ्याचे पाणी थांबवण्यात आले. १९८८ साली सखल भाग मातीने बुजवले गेले.

तिथे बळी पडलेल्या पक्ष्यांची भावंडे आपल्याला परकी नाहीत. आपला वारकरी, शेकाट्या आणि टिबुकली ही त्याच गोतावळ्यातली. आपल्या कृष्णाकाठीही अतिसिंचनाने जमिनी क्षारपड झाल्या आहेत आणि त्यांत निचऱ्याचे चर निघत आहेत. आपला बसाल्ट खडक वेगळा, म्हणून केस्टरसनचा निष्कर्ष येथे जसाच्या तसा लावता येणार नाही. मात्र एक प्रश्न तोच राहतो. शेत वाचवण्यासाठी बाहेर काढलेले पाणी शेवटी कुणाच्या घरट्याखाली जाऊन थांबते? चर खणण्याआधीच हा प्रश्न विचारायला हवा.