न्हाणीघरातील कपाट

चंदीगड या नियोजित नगराची पायाभरणी 1952 मध्ये झाली. ल कॉर्बूझिए या वास्तुविशारदाने त्याची आखणी केली आणि सुमारे 1200 मीटर लांब व 800 मीटर रुंद अशा चौकटींत, म्हणजेच सेक्टरांत, नगर विभागले. त्यांपैकी सेक्टर 34 हा दुसऱ्या टप्प्यातील सेक्टर होय. दक्षिणेकडील वस्तीचे व्यापारी केंद्र म्हणून तो योजिला गेला. स्पर्धा परीक्षांचे अनेक शिकवणीवर्ग येथे आहेत. त्यांसाठी पंजाब, हरियाणा व हिमाचल प्रदेशातून आलेले विद्यार्थी आसपासच्या घरांत भाड्याने राहतात. दोघे-तिघे मिळून एकच न्हाणीघर वापरतात. तिघांचे साबण, तिघांचे टॉवेल, बादल्या, कपडे धुण्याची पूड, फरशी पुसण्याचे द्राव हे सारे त्या चिंचोळ्या जागेत मावावयाचे असते. आखीव नगरातही घराचा हा कोपरा बहुधा अस्ताव्यस्तच राहतो.

जागा अपुरी का पडते, हे राष्ट्रीय इमारत संहितेतील मापांवरून ध्यानात येते. स्वतंत्र न्हाणीघराचे किमान क्षेत्रफळ 1.8 चौरस मीटर आणि शौचकूप एकत्र असल्यास 2.8 चौरस मीटर ठरविलेले आहे. अनेक घरांत याहून फारसे अधिक मिळत नाही. मात्र त्याच संहितेत आणखी एक माप आहे. राहण्याच्या खोलीची उंची किमान 2.75 मीटर असावी लागते, तर न्हाणीघरास 2.1 मीटर पुरतात. या दोहोंमध्ये सुमारे 65 सेंटिमीटरांचा फरक आहे. मराठी घरांत न्हाणीघरावर जो माळा आढळतो, तो या फरकातूनच निघतो. माळ्याचे तोंड शक्यतो बाहेरच्या खोलीकडे असावे. आतील वाफेपासून वस्तू वाचतात.

जुन्या मराठी घरातील न्हाणीघर बहुधा मागील अंगणाकडे असे. तेथे तांब्याचा बंब, घंगाळ व तांब्या असत. भिंतीतील कोनाड्यात शिकेकाई, उटणे व वज्री ठेवीत आणि खुंटीवर पंचा टांगीत. कोनाड्याला दार नसे. त्यामुळे तो वाऱ्याने आपोआप सुकत असे. पुढे मुंबईच्या चाळींत न्हाणीघराची मोरी झाली. 1920 च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली सुमारे 160 चौरस फुटांची. मोरी त्याच खोलीच्या कोपऱ्यात. तेथे साठवण वरच्या दिशेनेच वाढविणे भाग होते. वरळीतील काही कुटुंबांना पुनर्विकासानंतर 2025 मध्ये 500 चौरस फुटांच्या सदनिका मिळाल्या, तेव्हा न्हाणीघराला स्वतःच्या भिंती मिळाल्या.

बंद कपाटाने न्हाणीघर नीटनेटके दिसते. परंतु कोनाड्याचा वारा त्यात नसतो. गरम पाण्याची वाफ थंड पृष्ठभागावर जमते आणि तिचे पाणी होते. चंदीगडच्या हिवाळ्यात तर भिंती गार पडलेल्या असतात. अशा वेळी ओला ब्रश किंवा दमट टॉवेल कपाटात कोंडला की बुरशी धरते. म्हणून दाराला झडपा असाव्यात किंवा खालीवर बोटभर फट ठेवावी. भुसा व डिंक दाबून बनविलेली स्वस्त फळी येथे टिकत नाही. पाणी शिरताच ती फुगते आणि बिजागरीचे स्क्रू सैल होतात. आयएस 710 या भारतीय मानकाचे सागरी प्लायवूड, ॲल्युमिनियम अथवा पीव्हीसी यांची किंमत अधिक असली तरी ती पुढे भरून निघते. कपाट जमिनीपासून वीतभर वर, भिंतीला घट्ट बसवावे; खालची फरशी धुता येते. आरशामागील कपाटाची खोली 10 ते 15 सेंटिमीटर पुरे. त्याहून खोल कपाटात मागच्या रांगेतील वस्तूंचा विसर पडतो.

आता काय ठेवू नये, हा खरा महत्त्वाचा भाग. औषधे येथे मुळीच ठेवू नयेत. उष्णता व ओलावा यांनी गोळ्यांचा गुण लवकर ओसरतो. चित्रपटांतील आरशामागचे औषधांचे कपाट पाहून ही चूक पुष्कळ घरांत शिरली आहे. शौचकूप स्वच्छ करण्याच्या अनेक द्रावांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्याचा ब्लीचिंग पावडरशी संबंध आला तर क्लोरीन हा विषारी वायू सुटतो आणि अरुंद, बंद जागेत तो जिवावर बेततो. एकाच फळीवर कलंडलेल्या दोन बाटल्यांनीही हे घडू शकते. म्हणून ही दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी, मूळ बाटलीतच व कुलपात असावीत. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत आम्ल भरून ठेवणे तर लहान मुलांच्या दृष्टीने अत्यंत घातक आहे.

गॅसवर चालणारा गीझर असेल तर आणखी दक्षता हवी. गॅस जळताना प्राणवायू वापरला जातो. तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि स्नान करणाऱ्यास गुंगी येऊनच तो कळतो, बहुधा फार उशिरा. असा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसविणेच योग्य. थंडी लागते म्हणून झरोक्यात कागद कोंबणे किंवा त्याच्यासमोर उंच कपाट उभे करणे, या दोन्ही गोष्टी हिवाळ्यात सर्रास आढळतात. कपाटाची जागा ठरविताना प्रथम झरोका पाहावा, मग नळ, आणि सर्वांत शेवटी सोय.

भाड्याच्या घरात भिंतीला छिद्रे पाडण्यास घरमालक सहसा परवानगी देत नाहीत. तेथे प्रत्येकाने आपल्या वस्तू भोके असलेल्या छोट्या प्लास्टिकच्या टोपलीत ठेवाव्यात. स्नानास जाताना ती न्यावी व येताना खोलीत परत आणावी. पाणी भोकांतून निथळते, साबण भिजून वाया जात नाही, आणि न्हाणीघरातील एकमेव फळी सामायिक वस्तूंसाठी मोकळी राहते.