लगेच दूध प्यायलं, म्हणजे दुखलं नाही?

उस्मानपुऱ्यात आमच्याकडे रतीब घालणाऱ्या काकांचा गोठा शहराबाहेर आहे. परवा त्यांनी चार संकरित वासरांच्या शिंगकळ्या जाळून घेतल्या. जागा बधिर केली होती का, असं विचारलं. "कशाला? लहान जीव, त्याला काय कळतंय? पाच मिनिटांत दूध प्यायला लागलं की!"

हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे आणि दर वेळी तितकाच संताप येतो. शिकार होणारी जनावरं दुखणं लपवतात, कारण कण्हणारं वासरू लांडग्याला आधी सापडतं. आपली दाढदुखी मेंदूपर्यंत पोचवणारा जो पाचवा मज्जातंतू, त्याचीच फांदी शिंगकळीपर्यंत जाते. वय कोवळं आहे म्हणून ती मुकी नसते. डागल्यावर अर्धा तास गोठ्यात थांबा. वासरू कान फडफडवतं, डोकं झटकतं, रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढतं.

कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने वासरांना पडद्यावरचा रंग ओळखून दूध मिळवायला शिकवलं. डागल्यानंतर मधल्या, संदिग्ध रंगांकडे ती कमी जाऊ लागली. वेदनेने त्यांची आशाच आटली होती. हा अभ्यास २०१३ चा. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या २०१८ च्या अभ्यासात जखमा पूर्ण भरायला सरासरी नऊ आठवडे लागले आणि तोवर जागा हुळहुळीच राहिली. कुठे नऊ आठवडे आणि कुठे पाच मिनिटं!

'कॉस्टिकची कांडी लावली की भाजत नाही', हेही चूक. ते रसायनाने भाजणंच आहे, आणि पावसात ओघळून डोळ्यात गेलं तर डोळाही जातो. 'शिंगं काढली की दूध घटतं', यालाही आधार नाही. 'कायद्यात शिंगं काढायला मोकळीक आहे', हे अर्धसत्य: १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यातली सूट ठरवून दिलेल्या पद्धतीपुरतीच आहे. देवणी किंवा लाल कंधारी गोऱ्ह्याच्या शिंगांना तर पोळ्याला हिंगूळ लागायचा असतो, तिथे हा प्रश्नच येत नाही.

साधारण दोन महिन्यांपर्यंत शिंगकळी कवटीला जोडलेली नसते, म्हणून पहिल्या काही आठवड्यांतच हे काम उरकावं, तेही पशुवैद्यकाकडून. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगकळी यांच्या मधोमध बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचं इंजेक्शन द्यायचं. त्याचा असर तास-दोन तासांत उतरतो, म्हणून सोबत मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक हवं. डायक्लोफेनॅक चालणार नाही. ते दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात म्हणून जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे. इंजेक्शननंतर दहा मिनिटं थांबून शिंगकळीभोवती सुई टोचून पाहायची. वासराने डोकं झटकलं, तर डागणी बाजूला ठेवायची आणि आणखी थांबायचं.