कच्छचा चार पायांचा देवमासा

सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे विहीर खणावयास घेतली, म्हणजे प्रथम माती लागते, मग मुरूम आणि त्याखाली काळा कठीण पाषाण. तेथील एका विद्यार्थ्याने मला एकदा विचारले, "गुरुजी, या पाषाणात देवमाशाची हाडे सापडतील का?" सारा वर्ग हसला. मी मात्र हसलो नाही; कारण प्रश्न विचार करण्याजोगा होता.

मुलांनो, आपला हा पाषाण ज्वालामुखीच्या रसापासून बनला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडल्या आणि तप्त शिलारस थरावर थर पसरत गेला. त्या काळी देवमासा जन्मासच आला नव्हता! शिवाय प्राण्यांची हाडे टिकतात, ती बहुधा पाण्याच्या तळाशी साचणाऱ्या गाळात. म्हणून देवमाशाच्या पूर्वजांचा शोध घ्यावयाचा, तर पुरातन समुद्राच्या तळाकडेच गेले पाहिजे.

असा तळ गुजरातेतील कच्छात आहे. आज रुक्ष दिसणाऱ्या त्या प्रदेशात ४ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी उथळ समुद्र होता. तेथील हरुडी गावाजवळ सापडलेल्या एका प्राण्याच्या अवशेषांचे वर्णन अशोक साहनी व व्ही. पी. मिश्र या भारतीय शास्त्रज्ञांनी १९७५ साली प्रसिद्ध केले. पुढे १९८६ साली त्यास 'रेमिंग्टनोसीटस' हे नाव मिळाले. प्राचीन देवमाशांचे अमेरिकन अभ्यासक रेमिंग्टन केलॉग यांच्या गौरवार्थ ते दिलेले आहे.

हा प्राणी आपण पाहिला असता, तर त्यास सुसरच म्हटले असते. त्याचे तोंड लांब व निमुळते असून त्यात दात होते. डोळे बारीक होते. आणि त्याला चक्क चार पाय होते! मग यास देवमासा कसे म्हणावे? त्याचे उत्तर कानाने दिले. देवमाशाच्या कानातील एका हाडाची कड विशेष जाड व भरीव असते. तीच खूण याच्याही कानात आढळली.

देवमासा हा मुळी मासा नव्हेच. तो फुप्फुसांनी श्वास घेतो आणि पिलांना दूध पाजतो. त्याचे पूर्वज एके काळी भूमीवर चालत होते, याची साक्ष असे अवशेष देतात.

त्या मुलाचा प्रश्न चुकीचा नव्हता. त्याचे उत्तर दुसऱ्या दगडात होते, इतकेच. प्रत्येक दगडाचा आपापला काळ असतो. तो ओळखून विचारले, म्हणजे मुका दगडही बोलू लागतो.