तालमीतून मैदानात : कोल्हापूरच्या पेठांचा फुटबॉल

पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, ऋणमुक्तेश्वर तालीम, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम, संध्यामठ तरुण मंडळ, संयुक्त जुना बुधवार पेठ. ही नावे कुस्तीच्या फडाची वाटतात, पण हे सगळे कोल्हापूरचे नावाजलेले फुटबॉल संघ आहेत. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब आणि फुलेवाडी फुटबॉल क्रीडा मंडळ आहेत. प्रॅक्टिस क्लबसारखे मोजके अपवाद वगळले तर या संघांची मुळे गल्लीत, तालमीत आणि मंडळात आहेत.

राजर्षी शाहू महाराजांच्या काळात (१८९४ ते १९२२) कोल्हापूर ही कुस्तीची राजधानी झाली. महाराज १९०२ साली सातव्या एडवर्ड राजाच्या राज्याभिषेकासाठी युरोपात गेले होते. रोमचे प्राचीन क्रीडागार त्यांच्या मनात भरले आणि त्यातूनच पुढे कुस्तीचे खासबाग मैदान उभे राहिले. खासबागेइतकेच महत्त्व पेठापेठांतल्या तालमींना होते. तांबड्या मातीचा हौदा, पहाटेच्या जोर-बैठका, वस्ताद आणि त्याच्या धाकात वाढणारी पोरे असे तालमीचे रूप होते. तालीम केवळ व्यायामापुरती कधीच नव्हती. गणपती तिथेच बसे आणि अनेक तालमींत मोहरमचे पंजेही. बाबूजमाल तालमीची ओळख तर या दोन्ही परंपरांनी मिळून घडली आहे. भांडण मिटवायचे असो, लग्नाला माणसे लागोत किंवा पुराच्या वेळी मदत हवी असो, पेठ तालमीतच जमत असे. फुटबॉल शहरात आला तेव्हा त्याला असे तयार घर मिळाले. कोल्हापूरच्या फुटबॉलचे सगळे बळ या एका गोष्टीत आहे.

कुस्ती हा खर्चाचा खेळ. पैलवानाला दूध, तूप, बदाम, मटण असा खुराक वर्षानुवर्षे लागतो आणि संस्थानी आश्रयाशिवाय तो पेलणे अवघड असते. फुटबॉलला एक चेंडू आणि मोकळी जागा पुरते, शिवाय एका वेळी बावीस पोरे खेळतात. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, पण खेळाची व्यवस्था त्याआधीच बसली होती. १९४० साली राजघराण्याच्या पाठबळाने कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. शहर तिला केएसए म्हणूनच ओळखते. संघांची नोंदणी, गटवारी, साखळी सामने आणि पंच हे सगळे तिच्याकडे आले. संस्थान गेले, पण खेळाची शिस्त राहिली. छत्रपती घराण्याचे या संस्थेशी नाते आजही टिकून आहे.

तालमीच्या घरात फुटबॉल वाढण्याच्या जवळची गोष्ट युरोपात चेक देशात सापडते. १८६२ साली मिरोस्लाव टिर्श आणि यिंद्रिख फ्युग्नर यांनी प्रागमध्ये ‘सोकोल’ ही व्यायामसंस्था काढली. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात चेक माणसाचे शरीर आणि मन सांघिक कवायतीतून घडवायचे, हा तिचा हेतू होता. गावोगावी तिच्या शाखा आणि व्यायामशाळा निघाल्या. फुटबॉल आला तो शतकाच्या शेवटी. स्लाविया प्राग १८९२ चा, तर स्पार्टा प्राग १८९३ चा. पुढे लहान गावांतल्या अनेक फुटबॉल संघांनी सोकोलचेच नाव लावले आणि आजही कित्येक खेडेगावांच्या संघांच्या नावात ते आहे. १९४८ साली कम्युनिस्ट सत्तेवर आल्यावर सरकारने क्रीडासंस्था एकत्र केल्या. १९५० च्या दशकात संघांना व्यवसायानुसार नावे मिळाली : खाणकामगारांचे बानिक, रेल्वेवाल्यांचे लोकोमोटिवा, अन्नउद्योगाचे स्लावोय. क्लबच्या नावावरून गावाला काय काम होते ते कळू लागले. कोल्हापुरात नाव बदलण्याची वेळच आली नाही, कारण इथे संघाचा मालक कारखाना किंवा सरकार नसून पेठ होती.

पेठेच्या मालकीमुळे ईर्ष्या पेठापेठांतच राहिली. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यातील चुरस हा शहराच्या फुटबॉलचा कणा आहे. मंगळवार पेठेचा ‘पाटाकडील’ आणि शिवाजी पेठेचा ‘शिवाजी’ हे संघ समोरासमोर आले की शहरातल्या शाहू स्टेडियमच्या दगडी पायऱ्या लवकर भरतात. पाऊस संपल्यावर मैदान तयार होते आणि पुढच्या पावसापर्यंत हंगाम चालतो. आधी साखळी सामने होतात, मग वेगवेगळ्या चषकांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धा. या ईर्ष्येची दुसरी बाजूही खरी आहे. हुल्लडबाजीमुळे सामने थांबवावे लागले, बंदोबस्तात खेळवावे लागले, संघांवर आणि खेळाडूंवर कारवाई झाली. यात सर्वांत जास्त नुकसान होते ते वर्षभर घाम गाळलेल्या खेळाडूचे.

अलीकडच्या काळात वर्गणीच्या जोडीला स्थानिक पुढाऱ्यांचे आणि उद्योजकांचे पैसे आले. बक्षिसांच्या रकमा वाढल्या आणि आफ्रिकेतून, विशेषतः नायजेरियातून आलेले खेळाडू तालमींकडून खेळू लागले. त्यांनी खेळाचा वेग वाढवला, पण पेठेतल्या पोराची जागा कमी केली. परदेशी आणि बाहेरच्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा हवी, हा आग्रह म्हणूनच रास्त आहे.

पेठांच्या या मातीतून मोठ्या मैदानावर गेलेले खेळाडूही आहेत. निखिल कदम मोहन बागानपर्यंत पोहोचला. रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि २०२२ मध्ये वरिष्ठ संघात आला. मात्र दोघांनाही त्यासाठी शहर सोडावे लागले.

चेक रचना नेमकी याच ठिकाणी वेगळी आहे. तिथे खेडेगावातला संघ जिल्हा पातळीवर जिंकला की पायरी-पायरीने वर सरकतो. मोराविया प्रांतातले द्रनोवित्से हे जेमतेम दोन-अडीच हजार वस्तीचे गाव. त्याचा संघ १९९३ साली देशाच्या पहिल्या लीगमध्ये पोहोचला आणि २००० साली युएफा कपमध्ये म्युनिकच्या १८६० संघाशी खेळला. पुढे पैसा आटला आणि क्लब कोसळला, पण तिथवर जाण्याची वाट त्याला मोकळी होती. महाराष्ट्रात पूर्व टोकाच्या देवरीपासून कोल्हापूरपर्यंत कुठल्याही गावच्या संघाला जिल्ह्याची लीग जिंकून अशी सरळ बढती मिळत नाही. २०२३ साली सुरू झालेल्या आय-लीग ३ मध्ये राज्य संघटनांनी सुचवलेले क्लब येतात. तिथे टिकण्यासाठी परवाना, वयोगटांचे संघ, पगारी प्रशिक्षक आणि हिशेबाची कागदपत्रे लागतात. वर्गणीवर चालणाऱ्या तालमीला हे एकटीने जमणे कठीण आहे. दोन-चार पेठांनी मिळून एक क्लब उभा करण्याला पर्याय दिसत नाही आणि जुनी ईर्ष्या पाहता तेच सर्वांत अवघड आहे.

मुलींच्या फुटबॉलने मात्र पेठेची ही चौकट आधीच ओलांडली. २०१७ साली इंडियन विमेन्स लीगची प्राथमिक फेरी शाहू स्टेडियमवर झाली आणि पुढे एफसी कोल्हापूर सिटी हा महिलांचा संघ त्याच राष्ट्रीय लीगमध्ये खेळला. त्याच्या नावात पेठ नाही, तालीम नाही, फक्त शहर आहे.