कोरा प्रेषक आणि मेल सर्व्हर

ज्या ईमेलच्या लिफाफ्यावरील प्रेषक-पत्ता (सर्व्हर एकमेकांना कळवतात तो परतीचा पत्ता, वाचकाला दिसणारे प्रेषकाचे नाव त्याहून वेगळे) कोरा असतो, तो फसवाच असणार, असे मानून अनेक व्यवस्थापक त्यावर सरसकट बंदी घालतात. हा समज स्वाभाविक असला तरी चुकीचा आहे.

नागपूरजवळच्या बेसा येथून पुण्याला धाडलेले पत्र पत्ता न सापडल्यास शेरा मारून परत येते. मात्र बेसा येथेही प्रेषक सापडला नाही, तर ते पुन्हा पुण्याला न जाता टपाल खात्याच्या परत-पत्र कार्यालयात जमा होते. ईमेलमध्ये हीच सोय कोऱ्या पत्त्याने साधते: ‘पत्र पोहोचले नाही’ ही सूचना (बाउन्स) कोऱ्या प्रेषकानिशी निघते, म्हणून तिच्यावर उलट सूचना जात नाही आणि दोन सर्व्हरांमधील अखंड येरझार टळते. ही तरतूद १९८२ च्या एसएमटीपी (ईमेल पोहोचवण्याची नियमावली) मानकापासून आहे.

बंदी घातल्यास आपले पत्र अडल्याचे आपल्याच वापरकर्त्यांना कळत नाही. कचरा-ईमेलची छाननी अर्थातच चालू ठेवावी. खरी सूचना एकाच प्रेषकाकडे परतत असल्याने, कोऱ्या प्रेषकाचा पण अनेक प्राप्तकर्त्यांचा संदेश नाकारणे रास्त ठरते. पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर मूळ मांडणीत कोऱ्या प्रेषकाचे संदेश स्वीकारतोच. त्यामुळे बंदी उठवताना काढायचा असतो तो बहुधा मागाहून घातलेला नियम.