टाकीत पेट्रोल होते, तरी विमान पडले



गाळप हंगामात शिवारफेरी करताना आम्हांला एक दृश्य हमखास दिसते. ऊस भरलेला ट्रॅक्टर रस्त्यात उभा, आणि ड्रायव्हर नळी सोडून हवा काढत बसलेला. विचारले तर उत्तर ठरलेले, "साहेब, काट्यावर डिझेल दिसत होतं की!" ट्रॅक्टर अडला तर खेप चुकते, ऊस वाळतो. विमानाला मात्र कडेला उभे राहता येत नाही. म्हणून ही खरी हकीकत.

अमेरिकेतील प्रसिद्ध गायक जॉन डेन्व्हर हे जुने, अनुभवी वैमानिक. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी ते कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथून नुकत्याच घेतलेल्या 'लाँग-ईझेड' या छोट्या विमानातून एकटेच उडाले. या विमानाला दोन टाक्या. एक संपत आली की कॉक फिरवून दुसरी चालू करायची. जुन्या राजदूत-बुलेटला आपण रिझर्व्हला कॉक फिरवीत होतो, तसेच. मूळ आराखड्यात हा कॉक वैमानिकाच्या दोन्ही पायांमध्ये होता. ज्याने हे विमान बांधले, त्याने तो डाव्या खांद्याच्या मागे बसविला. त्यावर खुणाही नव्हत्या. टाकीची पातळी दाखविणाऱ्या काचाही पाठीमागेच!

उडण्यापूर्वी मेकॅनिकशी यावर बोलणे झाले. पकड लावून दांडा लांबवून पाहिला, तरी हात नीट पोचेना. पातळी पाहायला मेकॅनिकने आरसा दिला. पेट्रोल भरायचे का, असे विचारल्यावर डेन्व्हर म्हणाले, तासभरच उडायचे आहे, नको.

पुढे व्हायचे तेच झाले. कॉक फिरवायला दांडी सोडून, अंग वळवून मागे हात घालावा लागे. तसे वळताना उजवा पाय पेडलवर दाबला गेला, ताबा सुटला आणि विमान समुद्रात कोसळले. वय अवघे ५३. चौकशी मंडळाने पेट्रोल न भरणे, कॉकची अवघड जागा व विमानाची अपुरी सवय, या गोष्टींवर बोट ठेवले.

यातून आम्ही घेतलेला धडा साधा आहे. टाकीत तेल असणे वेगळे आणि ते इंजिनाला मिळणे वेगळे. म्हणूनच लहान विमानांचे वैमानिक उडण्यापूर्वी टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल पारदर्शक भांड्यात काढून पाहतात. पाणी जड, ते तळाशी बसते. अमेरिकेत दिवसा उडताना मुक्कामी पोचून आणखी ३० मिनिटे पुरेल एवढे पेट्रोल बरोबर असावे, असा नियम आहे.

आपणही एवढे करावे. काट्यावर विसंबू नये, टाकीत डोकावून पाहावे. रात्री टाकी भरून ठेवावी; रिकाम्या जागेतल्या दमट हवेचे पाणी होते. फिल्टरच्या तळचे पाणी वेळच्या वेळी सोडावे. आणि गाडीत काही अडचणीचे आहे असे दिसले, तर "चालतंय की" म्हणून खेपेला न काढता आधी ते दुरुस्त करून घ्यावे, ही विनंती.